न लिहिलेलं कुलूप

दौंडच्या सकाळच्या कॉलेजातला विशेष मराठीचा वर्ग मी बंद पाडला. कागदोपत्री तो विद्यापीठाच्या समितीनं बंद केला, आणि गावात म्हणायचे, यशवंतामुळं बंद पडला. दोन्ही खरं नाही. या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. बायकोला हे ठाऊक नाही. ज्या सरांनी मला हात दिला ते हे न कळताच गेले. मी मराठीचा मास्तर. वर्षानुवर्षं पोरांना 'माझी चूक' या विषयावर निबंध लिहायला लावले, वीस ओळींत, समासासकट. माझ्या स्वतःच्या चुकीची एक ओळ मला लिहिता आली नव्हती.

पौष आला की शिरूरला नदीकडचं वारं पहाटे खिडकीच्या फटीतून आत शिरतं. अंगावरची चादर पातळ वाटायला लागते. मला जाग येते, आणि अजून उजाडायचं असतानाच नाकात दगडी कोळशाचा वास भरतो. शिरूरला रेल्वे नाही. कोळसा जाळणारी इंजिनं तर कुठंच राहिली नाहीत. तरी वास येतो. बायको म्हणते, शेजारी बंब पेटवला असेल. मी हो म्हणतो.

यंदा याच पौषात आमच्या शाळेत पत्र आलं. पुढल्या जूनपासून अकरावी-बारावीची कला शाखा बंद. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मुलंच येत नाहीत हो सर. बाकावर बसायला कुणी नको का?" बाकीचे शिक्षक चिडून बोलले, निवेदन द्यायचं ठरलं, त्यावर सही करायला कागद माझ्यापुढं आला. मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो. लोकांना वाटलं, सरांना फार लागलंय. लागलं होतंच. पण ते कशामुळं, हे त्यातल्या कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

चौऱ्याहत्तरचा संप मोडल्यानंतरचा तो हिवाळा. दौंडला मी रेल्वेत कॉलमन होतो. हे काम आता कुणाला माहीत असायचं कारण नाही. मालगाडीला ठरलेली वेळ नसे. गाडी सुटायच्या दोनेक तास आधी ड्रायव्हरला, फायरमनला घरी जाऊन बोलवायचं, एवढंच काम. काखेत एक लांबट वही, तिला कॉलबुक म्हणायचे. दार वाजवायचं, गाडी सांगायची, नावापुढं वेळ घालून सही घ्यायची. एकदा सही केली की तो माणूस त्या गाडीचा. नाही आला तर चार्जशीट. घरी कुणी नसेल तर शेवटच्या रकान्यात 'कुलूप' असा शब्द लिहायचा आणि यादीतल्या पुढच्या नावाकडं वळायचं.

या 'कुलूप' शब्दावर आमचा वर्ग चालत होता म्हटलं तरी चालेल. सकाळचं कॉलेज एका शाळेच्या चार खोल्यांत भरायचं, साडेसात ते साडेदहा. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीच ते काढलेलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला विशेष मराठी घेतलेले आम्ही आठ जण. पोस्टातला एक, रुळांवर काम करणारे गँगमन दोघं, तिकीट खिडकीवरचा एक, मुलींच्या शाळेतल्या दोन बाई, फायरमन यशवंत आणि मी. यशवंतच्या नावावर सकाळची गाडी आली की कॉलमन त्याच्या दाराकडं फिरकतच नसे. दार सताड उघडं असलं, आत त्याची आई भाकरी थापत असली, तरी वहीत 'कुलूप'. आम्ही तिघे कॉलमन हे पाळायचो. शेडमधल्या हेडक्लार्कना ते कळत होतं. वही चाळताना मिशीत हसून म्हणायचे, "काय रे, त्या चाळीत लईच कुलपं लागायला लागलीत. सोनंनाणं निघालं का काय?"

यशवंत हसायचा. "हाय की सायेब. स्पेशल मराठी म्हंजी सोनंच हाय."

त्याचं हे असं होतं. साहेबापुढंही त्याला पटकन शब्द सुचायचा. मला तो तासाभरानं, घरी गेल्यावर सुचायचा.

मत्सर म्हणजे काय हे पुस्तकांत वाचलं होतं. सापाची, विषाची, आगीची उपमा असते. माझा तसा नव्हता. माझा दातात अडकलेल्या ज्वारीच्या कोंड्यासारखा होता. दिवसभर जीभ तिथंच जायची. लेले सर पुण्याहून पॅसेंजरनं यायचे, डब्याची पिशवी टेबलावर ठेवायचे आणि वर्गावर नजर फिरवायचे. ती नजर यशवंत दिसला की थांबायची. बस्स, तेवढंच. एक क्षण. कविता समजावून झाली की "कसं वाटतं?" असं आठांना विचारायचे, पण उत्तरासाठी त्याच्याकडं वळलेले असायचे. त्याच्या नखांत कोळसा असायचा. वहीच्या कोपऱ्यांवर काळे अंगठे उमटलेले. अक्षर मात्र असं, की छापखान्यानं लाजावं. मी रोज मनातल्या मनात त्याच्या चुका मोजायचो. तो 'आणि' ला 'आन्' म्हणायचा. 'न' आणि 'ण' चा घोळ करायचा. मी वर्गात शुद्ध बोलायचो. सरांना माझ्या शुद्ध बोलण्याचं काहीच कौतुक नव्हतं.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हे सगळं पुन्हा अर्धंच राहील. यशवंत रेल्वे गेटाजवळच्या बौद्ध वस्तीतल्या चाळीतला. त्याचे वडील गँगमन होते, आई वडगाव रासाईची. मी इनामगावचा, पाटलांच्या भावकीतला, घरी विहीर, बागायत. माझ्यापेक्षा हुशार माणूस मी पुढं होऊ दिला असता, पण तो तिथला असायला नको होता. असं मी त्या वेळी मनातसुद्धा म्हटलं नाही. मी बाबासाहेबांच्या जयंतीला त्याच्या घरी जाऊन जेवायचो, आणि आपण जेवतो याचा मला अभिमान वाटायचा. हा अभिमान हीच खूण होती, हे उशिरा कळलं.

हुरड्याच्या दिवसांत मी त्याला इनामगावला नेलं. गावाबाहेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, तेव्हा पुण्याची माणसं उत्खनन करत होती. चौकोनी खड्डे, दोऱ्या, ब्रशानं माती झाडणारी पोरं. आम्हा गावकऱ्यांना त्याचं अप्रूप राहिलं नव्हतं. उलट रोजंदारी बरी मिळते, एवढंच. यशवंत एका खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला तो उठेचना. खाली दोन मडकी होती, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. तिथल्या माणसानं सांगितलं, हजारो वर्षांपूर्वीचं तान्हं मूल आहे आत. त्या काळी लेकरू गेलं की असं पुरायचे. घराच्या जमिनीतच.

"घरातच?" यशवंतनं विचारलं.

"हो, राहत्या घरात."

"म्हंजी आई वरती सैपाक करायची आन् खाली..." 

मग शेतात आगटी पेटवली. कोवळी कणसं भाजली, हातावर चोळली, हिरवा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी. माझे चुलते म्हणाले, "खा रं लेका, इंजनात कोळसा टाकतो तसा टाक तोंडात." सगळे हसले. तोही हसला. मग घरी चहा झाला. आईनं सगळ्यांना पितळ्यांतून दिला. यशवंतला दिला तो कोनाड्यातला, कान तुटलेला कप काढून. मी बघितलं. त्यानंही बघितलं. त्यानं दोन्ही हातांनी कप धरला, फुंकर घातली आणि आईला म्हणाला, "काकू, आलं टाकलंया न्हवं? झ्याक झालाय." मी माझी पितळी तोंडाला लावली.

पंधरा दिवसांनी सरांनी लेख लिहून आणायला सांगितला, 'माझा गाव' असा. मी आठ पानं लिहिली. नदी, देऊळ, पिंपळपार, सगळं घातलं. यशवंतनं अडीच पानं लिहिली. त्याला गाव नव्हताच, चाळ होती. म्हणून त्यानं माझा गाव लिहिला. ती दोन मडकी. वरती चूल, खाली लेकरू. आई भाकरी थापताना पाय कुठं ठेवत असेल, असं एक वाक्य होतं. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला, आणि खिडकीकडं बघत राहिले. बाहेर शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळत होते. शाळेतल्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. माझी आठ पानं सरांनी 'छान, नेटकं' असा शेरा मारून परत दिली.

मी त्या अडीच पानांत एकच गोष्ट शोधत होतो. तो कप. तो कुठंच नव्हता. माझ्या आईचं 'आलं घातलेला चहा देणारी काकू' असं अर्ध्या ओळीत नाव होतं. त्यानं लिहिलं असतं तर मला रागावता आलं असतं. त्यानं आमची लाज झाकली होती, आणि सहज झाकली होती, लेखाला गरज नाही म्हणून. माझा जन्म तिथला. पांढरीवर मी लहानपणी खापऱ्या गोळा करून भिंगऱ्या केल्या. ती मडकी माझी होती. ती त्याला दिसली, मला दिसली नाहीत. यासाठी मी त्याला क्षमा करू शकलो नाही.

पौष संपत आला होता तेव्हा विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. सकाळच्या कॉलेजांत कागदावरच मुलं असतात, अशी तक्रार गेली होती म्हणे. सरांनी आम्हाला थांबवून सांगितलं, "विशेष विषयाला किमान आठ लागतात. आपण बरोबर आठ आहोत. सोमवारी साडेसातला मला आठही जण बाकावर दिसले पाहिजेत. बाकी काही नको. उत्तरंसुद्धा देऊ नका, नुसते बसा."

"बसतो सर," यशवंत म्हणाला. "इंजन इझलं तरी बसतो."

सोमवारी पहाटे माझी ड्यूटी संपत आली होती. शेवटची गाडी सांगायची राहिली होती, आठाची मालगाडी. यादीत फायरमन म्हणून यशवंतचं नाव. त्याच्याखाली शंकरमामांचं. मामा पहाटेच उठून अंघोळ करून बसणारा माणूस, जादा गाडी मिळाली तर आनंदानं जाणारा. 'कुलूप' लिहायचं आणि उजवीकडं वळायचं, एवढंच होतं. मी वहीत पेन्सिल टेकवली. पेन्सिलीचं टोक कागदावर होतं. मग मी डावीकडं वळलो. ठरवून वळलो असं म्हणायला मला बरं वाटेल, पण तसंही नव्हतं. पाय गेले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

यशवंत दारात आला तो डोक्याला मफलर गुंडाळून, हातात दात घासायची राखुंडी. मला बघून हसला. "काय रं, उठवाय आलास व्हय कॉलेजला?"

"आठाची माल हाय. सही कर."

"आरं आज समिती. कुलूप लिही की."

"लिहिलं असतं. खाली माणूस न्हाई. दोघं आजारी पडल्यात." हे बोलताना माझा अंगठा शंकरमामांच्या नावावर होता. तो तसा दाबून धरल्याचं मला आजही जाणवतं, त्याखालच्या कागदाचा खरखरीतपणासुद्धा. "फोरमन तापलाय. संपातली नावं अजून त्याच्या टेबलावर हायती."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. यशवंत संपात महिनाभर आत होता. मुश्किलीनं परत घेतलं होतं. त्याच्या एकट्याच्या पगारावर पाच माणसं जेवत होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. राखुंडी हातातून गळून पायावर पडली. मग त्यानं सही केली. वेळसुद्धा घातली, त्या सुंदर अक्षरात. आत जाऊन कॉलेजची वही घेऊन आला. "माझ्या जागंवर ठिव. आन् सरास्नी सांग, माझा विलाज नव्हता."

मी त्याची वही बाकावर ठेवली. समितीत तिघे होते. त्यातल्या एकानं आम्हाला मोजलं, पुन्हा मोजलं, मग वहीजवळ थांबून विचारलं, "हा कुठं आहे?"

"फायरमन आहे. फार चांगला विद्यार्थी," सर घाईनं म्हणाले. "त्याचा लेख आहे त्यात, आपण वाचा."

"वही वर्गात बसत नाही, सर. मुलगा बसतो."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी कॉलमन आहे हे त्यांना माहीत होतं. "गेला कसा तो?" त्यांनी विचारलं. यशवंतनं सांगितलेला निरोप माझ्या तोंडात तयार होता. मी म्हणालो, "लांबची गाडी होती सर. मायलेज चांगलं पडतं."

लांबच्या फेरीला पगारावर मिळणारा भत्ता म्हणजे मायलेज. त्या एका शब्दानं पुढचं सगळं केलं. दुपारपर्यंत स्टेशनात, पोस्टात, शाळेत तो पोचला. यशवंतनं मायलेजसाठी वर्ग बुडवला. महिन्याभरात पत्र आलं, विशेष मराठी बंद. जूनमध्ये इतिहास गेला. त्याच्या पुढच्या वर्षी कॉमर्स सुरू झालं. प्राचार्य म्हणायचे, जमाना बँकांचा आहे. गँगमन दोघांनी शिक्षण सोडलं. शाळेतल्या एका बाईंचं लग्न झालं, दुसरीनं सामान्य पदवी घेतली.

यशवंतनं काय केलं, तर तो एकेकाच्या घरी गेला. पत्र आलं त्याच आठवड्यात. पोस्टातल्याच्या घरी, बाईंच्या घरी, गँगमनांच्या झोपड्यांत. सरांना स्टेशनवर गाठलं. आणि माझ्याकडं आला. संध्याकाळ होती, मी दारात कंदिलाची काच पुसत होतो. तो आत आला नाही. टोपी काढून म्हणाला, "माझ्यामुळं बुडालं रं सगळ्यांचं. मी सही कराय नको हुती. चार्जशीट दिली असती तर दिली असती. माफ कर."

माझ्या हातात काच होती. ती मी पुसत राहिलो. म्हणालो, "जाऊ दे. झालं ते झालं."

'झालं ते झालं.' मी त्याला माफ केलं.

सरांची पुण्यातल्या एका कॉलेजात ओळख होती. तिथं शेवटच्या वर्षाला एकाला घ्यावं असा शब्द टाकता येईल म्हणाले. तो एक कोण, हे त्या सोमवारच्या आधी विचारलं असतं तर सगळ्या वर्गानं एकच नाव घेतलं असतं. सर मला म्हणाले, "यशवंतचं मन यातून उठलं असावं. तू जा." मी गेलो. रेल्वे सोडली, बी.ए. पुरं केलं, एम.ए. झालो, शिरूरला लागलो. घर बांधलं. माझे तीन-चार लेख दिवाळी अंकांत छापून आले. त्यातला एकही अडीच पानांचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात कोरेगाव भीमाला एका लग्नात यशवंत भेटला. कोळशाचा फायरमन पुढं डिझेलचा ड्रायव्हर झाला होता. केस पांढरे, नखं स्वच्छ. मला बघून ओरडलाच, "आरं सर! या, या." हाताला धरून मांडवातल्या त्याच्या पाव्हण्यांपुढं उभं केलं. "ह्यो माझा दोस्त. मराठीचे प्रोफेसर हायती." मी म्हटलं, शाळेत मास्तर आहे. "त्येच त्ये. माझ्यामुळं ह्याचा वर्ग बुडाला बरं का, तरी गडी शिकला. न्हाईतर आपन. मायलेज!" असं म्हणून तो हसला, आणि लोकही हसले. त्याच्या घरच्यांचा तो जुना विनोद झाला असावा. पंचवीस वर्षं तो स्वतःवर हा विनोद करत आला होता.

नंतर नवरा-नवरीला चार शब्द बोलायला त्याला उभं केलं. तो रेल्वेच्या रुळांवर बोलला. दोन रूळ शेवटपर्यंत शेजारी असतात, पण खाली दर हातावर स्लीपर लागतो, तो कुणाला दिसत नाही, तवा एकमेकांचा स्लीपर व्हा, असं काहीतरी. दोन मिनिटं. भटारखान्यातली माणसं ओगराळं हातात घेऊन ऐकत थांबली. आणि मी, पन्नाशीचा माणूस, घाम पुसत विचार करत होतो की हे मला का सुचत नाही. तोच कोंडा, तोच दात. मला वाटायचं, पश्चात्ताप झाला की मत्सर जातो. माझ्यात दोघंही सुखानं एका घरात राहतात.

त्याला विचारलं, काही लिहितोस का? म्हणाला, "न्हाई रं. त्या सोमवारनंतर हात लागला न्हाई. वाटलं, ज्यानं समद्यांचा वर्ग बुडवला त्यानं कशाला लिवायचं?" आणि लगेच, "जेवला का? बुंदी हाय गरम."

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. पंगत बसत होती, वाढपी पत्रावळ्या मांडत होते. मी जेवलो.

हे लिहून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही. छापून आलेला लेख वाचणारे अनोळखी असतात. त्यांना सांगणं सोपं आहे. यशवंत दौंडला राहतो. शिरूरहून सकाळची एसटी धरली तर माणूस जेवायच्या वेळेला तिथं पोचतो. त्याच्यासमोर उभं राहून मला सांगायचं आहे की खाली शंकरमामांचं नाव होतं, मी ते झाकलं, आणि मायलेज हा शब्दही माझाच होता. त्यानं जी माफी मागितली ती त्याची नव्हती. ती मागायचं माझ्याकडं राहिलं आहे, आधी त्याच्या दारात आणि मग जे हयात आहेत त्यांच्या दारांत. ते मी अजून केलेलं नाही.